पिन कुठे गेली?

मागच्या महिन्यात एका रविवारी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. दहावीपर्यंत माझ्याकडे उर्दू आणि मराठी दोन्ही शिकलेला. घरचे मूळचे बीडकडचे. वडील सेंटरिंगच्या कामासाठी इकडे आले आणि चिखलीत स्थायिक झाले. मुलानं आयटीआय केलं आणि आता चार वर्षांपासून चाकणच्या एका कंपनीत कंत्राटी ऑपरेटर आहे. भोसरी, मोशी करत रोज नाशिक रस्त्यानं जातो, आणि आंबेठाण चौकात शिफ्टच्या वेळी किती अडकायला होतं याचे किस्से सांगतो.

चहा झाल्यावर त्यानं मोबाइल पुढे केला. "टीचर, इंग्लिश बरोबर है क्या देखो ना जरा."

मी वाचलं. पानभर मजकूर होता आणि इंग्रजी अगदी गुळगुळीत होतं. गुणवत्तेची संस्कृती रुजवणं, कर्मचाऱ्यांमध्ये जागरूकता वाढवणं, दृश्य सूचनाफलक लावणं, नियमित प्रशिक्षण देणं, असं बरंच काही. एकही व्याकरणाची चूक नाही. मी म्हणाले, "बेटा, इंग्रजी तर माझ्यापेक्षा चांगलं आहे. पण तुझं म्हणणं काय आहे?"

मग त्यानं त्याचं म्हणणं सांगितलं. त्याच्या स्टेशनवर दोन ब्रॅकेट येतात, एक डावीकडचं आणि एक उजवीकडचं. दोन्ही आरशातल्यासारखी, दिसायला जवळपास सारखी. घाईत डाव्याच्या फिक्श्चरवर उजवं बसतं, वेल्डिंग होऊन पुढे जातं आणि दोन स्टेशनं पुढे पकडलं जातं. मग ते काढा, पुन्हा करा, आणि बोलणी खा. याच्या लक्षात आलं की डाव्या ब्रॅकेटला एक छोटं भोक आहे, उजव्याला त्या जागी नाही. फिक्श्चरवर त्या जागी एक पिन उभी केली तर डावं बरोबर बसेल, उजवं बसणारच नाही. चूक करायची म्हटलं तरी होणार नाही.

मी पुन्हा मोबाइल वर-खाली करून पाहिला. "मग यात पिन कुठे आहे?"

त्यानं मोबाइल हातात घेतला, दोनदा वाचला. "अरे हां टीचर. पिन का तो इसमें हैच नहीं."

मला हा लेख लिहावासा वाटला तो या एका वाक्यामुळे.

हे कसं झालं

झालं असं. कंपनीत सूचना देण्यासाठी पूर्वी एक पेटी होती. आता मोबाइलवर अॅप आहे. अॅपमध्ये आधी यादीतून विषय निवडायचा, मग मूळ कारण लिहायचं, मग वर्षाला किती रुपये वाचतील ते लिहायचं, आणि सगळं इंग्रजीत. या मुलानं पहिल्यांदा स्वतःच लिहिलं होतं. रोमन लिपीत, अर्धं हिंदी अर्धं इंग्रजी, दोन ओळी: डावं-उजवं मिक्स होतं, पिन लावा. ते परत आलं. शेरा होता, 'माहिती अपुरी'. मग लाइनवरच्या एका मित्रानं सांगितलं की एआयला दे, ते नीट लिहून देतं. यानं तेच केलं. त्या दोन ओळींमधून एआयनं पानभर सुंदर मजकूर तयार केला, आणि तो सुंदर करता करता त्यातली पिन काढून टाकली. ती दोन ओळींतली एकमेव कामाची गोष्ट होती.

हा मजकूर मात्र मंजूर झाला. 'उत्तम सूचना' म्हणून. लाइनवर एक फलक लागला: 'डावे-उजवे तपासा'. ब्रॅकेट अजून मिक्स होतात.

कामाच्या ठिकाणी संगणक आपल्या कल्पकतेला मदत करतो की नाही, यावर सध्या बरंच बोललं जातं. एक बाजू म्हणते की आता सगळ्या कल्पना यंत्रच देईल. दुसरी बाजू म्हणते की यंत्रामुळे माणसाचं डोकं बंद पडेल. मला वाटतं दोन्ही बाजू एक साधा प्रश्न विचारत नाहीत: कल्पनेच्या कोणत्या टप्प्यावर मदत हवी आहे? सुचताना, की सुचल्यानंतर?

आमद आणि आवुर्द

उर्दू शिकवताना आम्ही मुलांना दोन शब्द सांगतो. 'आमद' म्हणजे आपोआप आलेलं, सुचलेलं. 'आवुर्द' म्हणजे प्रयत्नानं आणलेलं, घडवलेलं. शायरीच्या मैफलीत आमदला मान जास्त. शेर कसा झरझर उतरला म्हणून लोक वाहवा करतात. पण मौलाना अल्ताफ हुसेन हाली यांनी १८९३ मध्ये 'मुकद्दमा-ए-शेरो-शायरी'त हा समज तपासून पाहिला आणि घडवण्याच्या, पुन्हा पुन्हा बदलण्याच्या मेहनतीची बाजू मांडली. सुचलेलं तसंच ठेवून दिलं की झालं, असं नसतं. त्यावर हात फिरवावा लागतो.

मराठीतही आपण म्हणतो, "मला सुचलं." "मी सुचलं" असं नाही म्हणत. म्हणजे सुचणं ही आपल्याकडे येणारी गोष्ट आहे. ती कुठून येते? या मुलाला पिन सुचली ती चार वर्षं तेच ब्रॅकेट हातात धरून. बोटाला ते भोक लागत होतं म्हणून. ही आमद कुठल्याही सॉफ्टवेअरला होणार नाही, कारण त्या सॉफ्टवेअरला बोटं नाहीत आणि ते दुसऱ्या पाळीत पहाटे घरी येत नाही.

पण आवुर्दचं काय? सुचलेलं नीट ठेवणं, त्याचं चित्र काढणं, मोजणं, उलटून पाहणं, खोडणं, पुन्हा करणं, दुसऱ्याला दाखवणं. या सगळ्यात संगणकासारखा मदतनीस नाही. माझा मुद्दा एवढाच आहे. संगणक आवुर्दचं साधन आहे, आणि आपण त्याच्याकडून आमद मागतो आहोत. वर ज्यांना आमद होते त्यांना आवुर्दची साधनंच देत नाही.

फळ्यावरून आलेलं सॉफ्टवेअर

संगणकानं विचाराला खरी मदत केल्याची उदाहरणं पाहिली तर हेच दिसतं. १९६३ मध्ये अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड यानं 'स्केचपॅड' बनवलं. पडद्यावर प्रकाशाच्या पेननं रेघ काढायची आणि ती हवी तशी ओढून बदलायची. आज चाकण-भोसरीतल्या प्रत्येक डिझाइन खात्यात जे कॅड चालतं त्याचं हे पूर्वज. १९८२ मध्ये ऑटोकॅड आलं आणि साध्या संगणकावर ड्रॉइंग होऊ लागलं.

दुसरं उदाहरण मला शिक्षिका म्हणून फार आवडतं. डॅन ब्रिकलिन हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत होता. प्राध्यापक फळ्यावर हिशेबाचा तक्ता मांडत. एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. ब्रिकलिनला वाटलं, फळा स्वतःच बाकीचे आकडे बदलेल असं काही करता आलं तर? त्यातून १९७९ मध्ये 'व्हिजिकॅल्क' आलं, आणि पुढे आपण ज्याला सरसकट एक्सेल म्हणतो त्या तक्त्यांचा मार्ग खुला झाला. या तक्त्यानं माणसाला कल्पना दिली नाही. 'असं केलं तर काय होईल?' हा प्रश्न स्वस्त केला. पूर्वी हा प्रश्न विचारायचा म्हणजे अख्खा फळा पुसायचा. म्हणून लोक विचारत नसत.

माझे मिस्टर भोसरीत टूलरूममध्ये आहेत. त्यांनी कामाला सुरुवात केली तेव्हा त्यांच्या वर्कशॉपमध्ये अजून ड्रॉइंग बोर्ड होता. ते सांगतात, ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली की ब्लेडनं हळूच खरवडायची, आणि दोनदा खरवडलं की कागद फाटायचा. त्यामुळे नवा विचार सुचला तरी माणूस म्हणायचा, जाऊ दे, आहे ते बरं आहे. कॅड आल्यावर सगळ्यात मोठा बदल कोणता झाला, असं मी विचारलं. मला वाटलं ते वेग म्हणतील. ते म्हणाले, "अनडू. चुकायची भीती गेली."

चुकायची भीती गेली की माणूस करून पाहतो. वर्गातही तेच असतं. पाटीवर मुलं जितकं मोकळं लिहितात तितकं वहीत लिहीत नाहीत, कारण पाटी पुसता येते.

आमच्याच कामातली एक गोष्ट

उर्दूवाल्यांना हा धडा वेगळ्या वाटेनं मिळाला आहे. नस्तालिक लिपी तिरकी उतरते, अक्षरं एकमेकांवर चढतात, प्रत्येक जोडणीत आकार बदलतो. शिशाच्या खिळ्यांत ती नीट बसली नाही. म्हणून वर्तमानपत्रं कातिब लोक हातानं लिहीत, मग त्याची छपाई होत असे. चेन्नईचं 'मुसलमान' हे १९२७ पासूनचं दैनिक तर संगणक आल्यावरही हातानं लिहिलं जात राहिलं.

१९८१ मध्ये 'नूरी नस्तालिक' आलं. मिर्झा अहमद जमील या खुशनवीसानं हजारो अक्षरजोडण्या स्वतःच्या हातानं लिहिल्या, त्या मोनोटाइप कंपनीच्या यंत्रात उतरल्या, आणि पाकिस्तानात 'जंग' हे वर्तमानपत्र त्यावर निघू लागलं. पुढे १९९४ मध्ये आपल्याकडे 'इनपेज' आलं आणि उर्दूची पुस्तकं, मासिकं, लग्नपत्रिका, आमच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका सगळं त्यावर होऊ लागलं.

कातिबांचा रोजगार यात गेला, हे खरं आहे आणि ते दुःख खरं आहे. पण दुसरी बाजूही पाहा. त्या सॉफ्टवेअरची अक्षरं सुंदर आहेत कारण एका कातिबानं ती आधी हातानं लिहिली. आणि जमील यांनी त्या अक्षरांना नाव दिलं ते आपल्या वडिलांच्या नावावरून, नूर अहमद यांच्यावरून नूरी. ज्याचं कसब यंत्रात गेलं त्याच्या घराण्याचं नाव तरी यंत्रात राहिलं. या नावाच्या मुद्द्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

एआय आणि जुनं यंत्र

एआयबद्दल बोलताना मला इब्न खल्दून आठवतात. १३७७ मध्ये लिहिलेल्या 'मुकद्दमा'त त्यांनी 'झाइर्जा' नावाच्या एका करामतीचं वर्णन केलं आहे. एका मोठ्या वर्तुळावर अक्षरं, आकडे, राशी मांडलेल्या असत. प्रश्न लिहायचा, त्याची अक्षरं सुटी करायची, ठरलेल्या रीतीनं ती फिरवायची आणि शेवटी उत्तर तयार. तेही छंदात बसलेलं! लोकांना वाटे की हे गैबचं ज्ञान आहे. इब्न खल्दून यांनी या करामतीतली हुशारी नाकारली नाही. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की यात गैबचं काही नाही. उत्तर प्रश्नाच्याच अक्षरांतून निघतं, म्हणून ते प्रश्नाला शोभतं. शोभतं म्हणजे ते घडलेल्या गोष्टीशी जुळेलच असं नाही.

आजचा एआय झाइर्जापेक्षा फार पुढचा आहे, त्याची तुलना तंतोतंत होणार नाही. पण हा इशारा आजही लागू आहे. त्या मुलानं दोन ओळी दिल्या. आलेलं पान कंपनीच्या फॉर्मला शोभणारं होतं. कंपन्यांमध्ये अशा सूचना साधारण जशा लिहिल्या जातात तशीच ती लिहिलेली होती. म्हणजे सरासरी. आणि नवी कल्पना म्हणजे जी सरासरीत नसते ती. पिन सरासरीत नव्हती, म्हणून गळाली.

त्या रविवारी आम्ही काय केलं

आता नुसती टीका करून उपयोग नाही. त्या दिवशी आम्ही घरच्या जुन्या लॅपटॉपवर बसलो. मला कारखान्यातलं काही कळत नाही. मला फक्त मुलांकडून निबंध कसा लिहून घ्यायचा ते माहीत आहे. तेवढंच मी केलं.

पहिलं काम: बोल. बोलून टाइप होण्याची सोय आता मराठी, हिंदी, उर्दू तिन्हींत आहे. मी म्हणाले, "तू कालच नोकरीला लागलेल्या पोराला समजावतोस तसं बोल." तो त्याच्या घरच्या भाषेत बोलला. चार मिनिटांत दीड पान झालं. त्यात पिन होती, भोक होतं, हातमोजे घातल्यावर भोक कळत नाही हे होतं, आणि शिफ्टच्या शेवटच्या दोन तासांत चुका वाढतात हेही होतं. यातलं काहीच त्या पहिल्या दोन ओळींत नव्हतं. त्याला माहिती नव्हती असं नाही. त्याला रोमन लिपीत अंगठ्यानं टाइप करायचा कंटाळा होता आणि इंग्रजीची धास्ती होती.

दुसरं काम: चित्र. स्लाइड बनवण्याच्या साध्या प्रोग्राममध्ये चौकोन आणि गोल ओढून त्यानं दोन्ही ब्रॅकेट काढली. एकाची नक्कल करून उलटी फिरवली की दुसरं तयार. ते एकमेकांवर ठेवल्यावर नेमकं कुठे वेगळेपण आहे ते मलाही दिसलं.

तिसरं काम: मोजणी. त्याच्या खिशातल्या डायरीत ११ शिफ्टची नोंद होती. एकूण २३ वेळा मिक्स झालं होतं. दुरुस्तीला साधारण सात मिनिटं. तक्त्यात टाकलं: १६१ मिनिटं, म्हणजे शिफ्टला जवळपास पंधरा मिनिटं. "सात नाही, पाचच लागतात असं साहेब म्हणाले तर?" मी विचारलं. त्यानं एक आकडा बदलला. ११५ मिनिटं. "तरी पण दहा मिनट जाताच है टीचर." त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी वर्गात क्वचित पाहिलंय. आपलं म्हणणं आकड्यात उभं राहतं हे त्यानं पहिल्यांदा पाहिलं.

चौथं काम, आणि ते मुद्दाम शेवटी: एआय. पण या वेळी आम्ही लिहून दे म्हटलं नाही. आम्ही ते दीड पान जसंच्या तसं दिलं आणि म्हटलं, "यात काय विचारायचं राहिलंय? फक्त प्रश्न विचार." सात-आठ प्रश्न आले. बरेच फालतू होते. एक मात्र कामाचा होता: याच फिक्श्चरवर दुसऱ्या मॉडेलचं ब्रॅकेट बसतं का, आणि त्याला ते भोक आहे का?

मुलगा गप्प झाला. आठवड्यातून दोनदा दुसरं मॉडेल लागतं, आणि त्या ब्रॅकेटला भोक नाही. पिन कायमची बसवली तर ते बसणारच नाही.

तो थोडा वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, पिन अशी पाहिजे की ओढून फिरवली की खाली बसेल. आतापर्यंत पेपर वाचत बसलेले माझे मिस्टर म्हणाले, "त्याला इंडेक्स प्लंजर म्हणतात. बाजारात तयार मिळतो. पण मॉडेल बदलताना पिन वर करायला विसरलास तर?" मग दोघांची तासभर चर्चा झाली. मॉडेल बदलताना भरायच्या तपासणी यादीत ही एक ओळ वाढवायची असं ठरलं. मी तोपर्यंत दुसरा चहा केला.

सांगायचं हे की त्या दिवशी चार प्रकारचं सॉफ्टवेअर वापरलं गेलं, आणि प्रत्येकानं मदत केली. पण कल्पना मुलाची होती, आणि ती अडखळली तेव्हा पुढे नेणारा अनुभव टूलरूमचा होता. सॉफ्टवेअरनं त्या दोघांना एका टेबलावर बसवलं.

कंपनीची बाजू

कंपनीचीही बाजू आहे आणि ती खोटी नाही. हजारो सूचना येतात, त्या लावायला काही साचा लागतो. वरचे अधिकारी परराज्यातले, काही परदेशातले, त्यांना मराठी कळत नाही. पैशाचा आकडा नसेल तर कुणी मंजुरी देत नाही. आणि साच्यातले प्रश्न माणसाला विचार करायला लावतात, हेही मला मान्य आहे. बीएडला असताना पाठाच्या टाचणातले ते उद्दिष्टांचे रकाने आम्हाला छळ वाटायचे, पण त्यांनीच धडा कशासाठी शिकवतो आहोत याचा विचार करायला शिकवलं.

माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. साचा दुसऱ्या पायरीवर चांगला, पहिल्या पायरीवर घातक. पहिल्या पायरीवर माणसाला त्याच्या भाषेत, त्याच्या बोलण्यात, त्याच्या चित्रात मांडू द्या. भाषांतर करणं, वर्गवारी करणं, रकाने भरणं ही कामं यंत्र चांगली करतं, ती त्याला द्या. आज उलटं चाललंय. यंत्राला सोपं जावं म्हणून माणूस रकाने भरतो, आणि माणसाचा विचार यंत्राकडून लिहून घेतो.

भाषेची अडचण तांत्रिक आहे असं तर कुणी सांगूच नये, निदान पुण्याच्या परिसरात तरी. सी-डॅक १९८८ पासून पुण्यात आहे आणि भारतीय भाषा संगणकावर आणण्याचं मोठं काम तिथे झालं. श्रीलिपी पुण्यातलीच. चिंचवडला ऑटो क्लस्टर आहे, जिथे लहान उद्योगांना एरवी परवडणार नाही अशी डिझाइन आणि नमुने बनवण्याची साधनं वाटून वापरता येतात. म्हणजे साधनं माणसापर्यंत नेण्याची कल्पना या गावाला नवी नाही. ती मालकापर्यंत पोचली, लाइनवरच्या माणसापर्यंत पोचायची राहिली.

कारखान्यातल्या साध्या माणसाचं डोकं ही संपत्ती आहे हे जपाननं फार आधी ओळखलं. टोयोटानं १९५१ मध्येच कामगारांच्या कल्पक सूचनांची योजना सुरू केली. आपल्याकडे १९८०च्या सुमारास हैदराबादला 'भेल'मध्ये क्वालिटी सर्कल सुरू झालं, १९८२ मध्ये त्याची देशपातळीवरची संस्था उभी राहिली. चूक होऊच न देणाऱ्या या मुलाच्या पिनसारख्या युक्तीला जपानीत 'पोका-योके' म्हणतात, हा शब्द चाकणच्या पोरांना तोंडपाठ असतो. त्याची गोष्ट मात्र फार कुणाला माहीत नसते. शिगेओ शिंगो आधी त्याला 'बाका-योके' म्हणत, म्हणजे मूर्खापासून बचाव. १९६३ मध्ये एका कारखान्यात अशी युक्ती बसवली तेव्हा तिथे काम करणारी एक बाई रडू लागली, की मी इतकी मूर्ख आहे का? तेव्हा शिंगोंनी शब्द बदलला. मूर्खाच्या जागी चूक आली. मूर्ख कुणी नसतो, चूक सगळ्यांकडून होते.

'डावे-उजवे तपासा' हा फलक म्हणजे बाका-योके आहे. पिन म्हणजे पोका-योके. फलक माणसाला सांगतो, तू लक्ष देत नाहीस. पिन फिक्श्चरला सांगते, तू नीट बनलेलं नाहीस.

आणि नाव?

दोन आठवड्यांनी मुलाचा फोन आला. चित्र आणि तक्ता घेऊन तो सुपरवायझरकडे गेला होता. सुपरवायझर माणूस चांगला, त्यानं मेंटेनन्सशी बोलून एका स्टेशनवर प्लंजर लावून पाहायला घेतला. मी खूश झाले. म्हटलं, "अॅपमध्ये टाकलंस ना आता?"

"डाले ना टीचर. सर के कोड से."

मला कळेना. मग त्यानं समजावलं. अॅप उघडायला कर्मचारी क्रमांक लागतो. कंत्राटी माणसाला कंपनीचा क्रमांक नसतो, ठेकेदाराचा असतो आणि तो त्या रकान्यात बसत नाही. म्हणून कंत्राटी पोरांच्या सगळ्या सूचना सुपरवायझरच्या क्रमांकावर जातात. बक्षीस, प्रमाणपत्र, नोंद, सगळं त्या क्रमांकावर. यात कुणाचं कपट आहे असं नाही. सॉफ्टवेअर बनवताना कुणाच्या डोक्यात आलंच नाही की कंत्राटी माणसालाही काही सुचेल.

"चलता है टीचर," तो म्हणाला.

मला ते चालत नाही. उद्या कायम करायची वेळ आली तर त्याच्या खात्यावर चार वर्षांत एकही कल्पना नसेल. दुसऱ्या कंपनीत मुलाखतीला गेला तर दाखवायला काही नसेल. पिन लाइनवर असेल आणि तो कुठेच नसेल.

म्हणून माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. सूचनेच्या अॅपमध्ये पहिला रकाना आवाजाचा आणि चित्राचा असावा, मराठी-हिंदीत बोलता येईल असा. ज्याला सुचलं त्याचं नाव लिहायला वेगळी जागा असावी, तो कायम असो की कंत्राटी. आठवड्यातून अर्धा तास, शिफ्टच्या आत, एका संगणकासमोर बसायला मिळावा. एआय वापरायचा असेल तर आधी माणसाचे स्वतःचे शब्द जपून ठेवावेत, म्हणजे नंतर कुणी विचारलं की पिन कुठे गेली, तर शोधता येईल.

आणि आपल्यासाठी, शिक्षकांसाठी आणि पालकांसाठीही एक. २००१ पासून एमएस-सीआयटी आहे, आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी पोरा-पोरींकडे त्याचं प्रमाणपत्र आहे. नोकरीसाठी मीही केलं. पण पुढे संगणकाचा उपयोग काय? फॉर्म भरणं. आम्ही शिक्षक पोर्टल भरतो, मुलं शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, आई-वडील रेशनचे. भरण्याची सवय इतकी लागली आहे की रिकामं पान समोर आलं की आपण घाबरतो आणि एआयला म्हणतो, तूच भर. मी या वर्षी आठवीच्या वर्गात एक गोष्ट सुरू केली आहे. महिन्यातून एकदा संगणक खोलीत मुलांनी घरातली किंवा वर्गातली एक अडचण निवडायची. आधी बोलायची, मग तिचं चित्र काढायचं, मग मोजायची. उत्तर आलं नाही तरी चालेल. मागच्या वेळी एका मुलीनं नळाला पाणी येण्याच्या वेळांचा महिन्याचा तक्ता केला आणि दाखवलं की अम्मीची झोप कोणत्या दिवशी मोडते.

त्या मुलाला मी सांगितलं आहे की डायरी, चित्र आणि तक्ता तिन्हींवर स्वतःचं नाव आणि तारीख लिहून जपून ठेव, आणि सुपरवायझरकडून त्यावर सही घे. सही मिळाली असा कालच त्याचा मेसेज आला. प्लंजरची चाचणी अजून चालू आहे.